वूफरच्या खोक्याची पूजा

उदबत्तीचा धूर मधेच बाजूला वळला, की मला वडीगोद्रीचं आमचं अंगण आठवतं. नव्वदच्या दशकातली ती संध्याकाळ होती. थोरला भाऊ दत्ता प्रवासी जीप चालवायचा. दुसऱ्या दिवशी जीप लग्नाच्या वऱ्हाडात जाणार होती, म्हणून त्याचा लहानपणापासूनचा दोस्त करीम सुतार अंगणातच वूफरचं खोकं बनवत होता. प्लायवूडचा भुसा आणि सरसाचा वास घरभर पसरला होता. खोकं तयार झालं, पण गाणं लावताच आतून फुरफुर ऐकू यायला लागली.

“तुझं खोकंच फाटकं हाय, करीम,” दत्ता म्हणाला.

“खोकं बराबर हाय. तूच डुप्लिकेट स्पीकर आणला,” म्हणत करीम हत्यारं पिशवीत भरू लागला. “दुसरा सुतार बघ मंग.”

गाणं तसंच चालू होतं. तेवढ्यात आई हळदकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली. तिने खोक्याला उदबत्ती ओवाळली, आणि खालच्या कोपऱ्यापाशी प्रत्येक ठोक्याला धूर बाजूला उडू लागला.

“फुकर मारून राह्यलं रे तुमचं खोकं,” आई म्हणाली.

दोघं एकदमच खाली वाकले. करीमने सरसात भुसा कालवून कोपऱ्यातली फट बुजवली. ती वाळेपर्यंत दोघं खोक्यावर पाठीला पाठ लावून बसले.

पुढे कित्येक वर्षं आम्ही त्या धुराचीच गंमत सांगत राहिलो. पूजा तर सकाळी निघताना करायची ठरली होती. आई आदल्या संध्याकाळीच, नेमकी त्या भांडणात, ताट घेऊन बाहेर का आली, हे तिला कुणी विचारलं नाही.