सरांचं ‘आपण’

आमच्या विभागप्रमुख सरांच्या तोंडी ‘आपण’ फार असे. ‘बाई, आपण बेडूक आणायला हवेत.’ म्हणजे मी आणायचे. ‘आपण उद्या ड्रमवरचा कागद काळा करून ठेवू.’ म्हणजे मी रॉकेलच्या धुरात नाकपुड्या काळ्या करून घ्यायच्या आणि सरांनी वामकुक्षी घ्यायची. नगरच्या कॉलेजात मी नुकती प्राणिशास्त्र शिकवायला लागले होते, पीएच.डी.साठी सरांकडेच नाव नोंदवलं होतं, आणि त्या ‘आपण’वर बेहद्द खूश होते. मोठा माणूस आपल्याला धरून बोलतो, एवढ्यावर भाळणारं ते वय.

विषय असा होता. मज्जातंतू स्नायूला थेट चिकटलेला नसतो, मधे बारीकशी फट असते. तंतूच्या टोकातून एक रसायन सुटतं, फट ओलांडतं, आणि स्नायू आखडतो. मेंदूतल्या पेशीही एकमेकींशी बऱ्याचदा अशाच बोलतात. मेंदूत हात घालायची आमची ऐपत नव्हती, म्हणून बेडकाच्या स्नायूवर भागवायचं. स्नायू आखडला, की त्याला जोडलेली सुई फिरत्या ड्रमवरच्या काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ ओढी. एका झोपेच्या औषधाने हा निरोप अडतो एवढं ठाऊक होतं. सर ठामपणे सांगत, औषधाने स्नायूच बधिर होतो.

बहात्तरच्या दुष्काळात नगर-पारनेरकडे बेडूक औषधालासुद्धा मिळेना. मी एस.टी.ने जिल्ह्यातल्याच अकोले गावावरून राजूरला जाई. तिकडच्या डबक्यांत थोडं पाणी टिकून होतं. तिथल्या एका म्हातारीने मला चांगलंच धारेवर धरलं. “पाऊस न्हाई म्हून आमी बेडकाची पूजा करतो, अन् तुमी त्येला कापता व्हय? मंग कसा यायचा पाऊस?” परतताना डब्यातले बेडूक वाटभर ओरडत आणि कंडक्टर मला पार मागच्या सीटवर पिटाळी.

एकदा औषधात बुडवलेला स्नायू, तंतूला विजेचा झटका देऊनही हलेना. मी सरांना न विचारता तंतूतून सुटणारं ते रसायन थेट स्नायूवरच सोडलं. तो नेहमीसारखा आखडला, काळ्या कागदावर पांढरी रेघ सरळ वर चढली. म्हणजे स्नायू शाबूत होता, औषध तंतूचंच तोंड दाबत होतं! पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तेच. सर त्या रेघा एकेक करून तपासून म्हणाले, “आपण चुकत होतो, बाई.” चुकत होते ते, पण चुकीत मला धरलं होतं. मला त्याचंही कौतुक वाटलं.

वर्षभराने पुण्याहून एक मोठे प्राध्यापक विभाग बघायला आले. सर त्यांना ड्रमपाशी घेऊन गेले. “आम्ही दाखवून दिलं, की औषध तंतूच्या टोकाशी काम करतं.” मी शेजारीच उभी होते. समोरच्या पाहुण्यांना ‘आम्ही’ म्हणणं बरोबरच होतं, वाटलं, त्यात मी असेनच. तेवढ्यात सर माझ्याकडे वळले. “आम्ही तो निबंध पाठवला होता, बाई. आलाय छापून. चहाचं तेवढं बघा.”

‘आम्ही’ म्हटलं की ज्याच्याशी बोलतो तो त्यात नसतो, हे मराठी शेंबडं पोरही जाणतं.

निबंधावर एकच नाव होतं. रेघा माझ्या, बेडूक माझे. तळाशी ‘साहाय्याबद्दल’ माझे आणि रॉकेल देणाऱ्या दुकानदाराचे एकाच वाक्यात आभार. ज्या हातांनी त्या रेघा काढल्या, त्याच हातांनी मी चहाचे कप उचलले, याची चीड मला आजही येते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत जाऊन विचारलं, “सर, माझ्या प्रबंधात आता उरलं काय? विद्यापीठ म्हणणार, हे तर आधीच छापलेलं आहे.”

सर चष्मा पुसत म्हणाले, “खरंय. आपण दुसरा विषय घ्यावा.”

मी इतकी खुळी, की क्षणभर वाटलं, दोघं मिळून. मग कळलं, हा ‘आपण’ आदरार्थी होता. इतके दिवस ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या माणसाने मला एकदम परकं करून टाकलं होतं.

दुसरा विषय मी घेतला नाही. डॉक्टर झाले नाही, बढतीही झाली नाही. सरांनी पुढे पाठ्यपुस्तक लिहिलं आणि तो प्रयोग स्वतःच्या नावाने त्यात घातला. निवृत्त होईपर्यंत मी तेच पुस्तक शिकवत राहिले. ‘हा प्रयोग कोणी केला?’ असा प्रश्न परीक्षेत हमखास येई, आणि सरांचं नाव लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाला मला पूर्ण गुण द्यावे लागत.