काळी पाटी

जे काम पडद्यावर एक बोट टेकवून होते, तेच काम चार ओळी लिहून करणारा माणूस आमच्या आचऱ्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर दादांना सावंतवाडीच्या बाजारात, रद्दीच्या ढिगात, संगणकाची लिनक्स प्रणाली शिकवणारे एक पुस्तक सापडले. त्याचे पहिले प्रकरण गायब होते, म्हणून दादांनी दुसऱ्यापासून सुरुवात केली. मला वाटते, पुढचे सगळे त्यामुळेच झाले. त्यांच्या मोबाइलवर चित्रे दिसत नाहीत. उघडला की काळी पाटी आणि तिच्यावर लुकलुकणारी एक रेघ. त्या पाटीला ते टर्मिनल म्हणतात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, उजव्या हाताच्या एकाच बोटाने, ते त्या रेघेपुढे अक्षरे मांडत जातात. तारीख हवी तर कमांड, बॅटरी किती उरली ते बघायचे तर कमांड, आणि डोक्यावर भिंतीचे घड्याळ टिकटिकत असताना किती वाजले त्याचीही कमांड. एकदा ते असेच हवामान विचारत बसले होते. उत्तरादाखल पाटीवर ठिपक्यांचे ढग उमटत होते, तोवर वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "भायर आमसुला भिजली सगळी. तुमच्या पाटयेर पाऊस पडाक लागलो काय नाय अजून?" दादांनी मान वर न करता सांगितले, "येता हा. नेट हळू आसा."

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली, पण त्या पाटीवरचे एक वाक्य मला कधी कळले नाही. दादांनी मात्र समजावण्यात कसूर केली नाही. गावच्या देवळात गाऱ्हाणे घालायचा मान त्यांच्या घराकडे आहे. नारळ हातात घेऊन ते देवाला गावकऱ्याची अडचण सांगतात आणि जमलेली माणसे प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणतात. दादांच्या मते दोन्हीकडची रीत एकच. "मास्तरांनू, आधी आपण खंय आसंव ता सांगूचा. मगे हंय काय काय आसा ता बघूचा. मगे मागूचा. देवाक आणि हेका अर्धवट सांगून चलणा नाय." मी विचारले, "पण इथे व्हय म्हाराजा कोण म्हणतो?" ते म्हणाले, "कोण नाय. गप रवलो म्हणजे काम झाला. चुकला तरच तोंड उघडता." महत्त्वाच्या कमांडीआधी ते चपलाही काढतात.

त्यांच्या गाऱ्हाण्याची खोड सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यांना कोणाला वगळता येत नाही. एकाने नवी स्कूटर घेतली म्हणून नारळ दिला, तर दादांनी स्कूटरनंतर त्याची गाय, मुंबईची भावंडे, अबोला धरलेले शेजारी, सगळ्यांचे भले मागितले. उन्हात स्कूटरची सीट तापून गेली, तरी यांचे मागणे चालूच. पाटीवर एवढी नावे घ्यावी लागत नाहीत, नावांच्या जागी ताऱ्याची एक खूण टाकली की पुरते, याचे त्यांना भारी कौतुक. "एक चांदणी काढली की सगळे इले," ते म्हणत.

माझी पत्नी शेवटच्या वर्षी वही धरू शकत नव्हती. सांगायचे ते ती फोनमध्ये बोलून ठेवी आणि प्रत्येक बोलण्याला दोनतीन शब्दांचे नाव देई. ती गेल्यावर मी त्यातले एकही ऐकले नाही. धीर झाला नाही. वर्षश्राद्ध झाले आणि एका सकाळी मी तिच्या बंद पडलेल्या फोनमधले, तिचे बोलणे साठवलेले कार्ड घेऊन दादांकडे गेलो. म्हटले, आज ऐकू.

दादांनी कार्ड आपल्या फोनमध्ये घातले आणि आत काय आहे ते विचारले. शुभ सकाळच्या फुलांच्या चित्रांच्या नावांचा ढीग निघाला आणि त्याखाली तिने आपल्या बोलण्यांना दिलेली एकतीस नावे. "ही फुला आधी काढतंय," दादा म्हणाले. "मगे नुसतो तिचो आवाज रवात." चपला काढल्या. चष्मा पुसला. कमांडीत फक्त फुलांचे नाव लिहायचे होते, पण त्या हाताला कोणाला वगळायची सवयच नाही. त्यांनी चांदणी काढली. पाटी गप्प राहिली.

मला वाटले, काम झाले. दादांकडे पाहिले तर ते चष्मा काढून बसले होते. "मास्तरांनू," ते म्हणाले, "माझ्या हातान सगळा गेला." पुढे आठवडाभर त्यांनी नाना उपाय केले, सावंतवाडीला दोनदा जाऊन आले. काही परत आले नाही.

राहिली ती यादी. आधी विचारलेली नावे पाटीच्या वरच्या भागात तशीच होती, पण फोन बंद झाला की तीही जाणार होती. म्हणून त्याच सकाळी दादांनी फोन चार्जरला लावला आणि दोन्ही हातांनी धरून बसले. मी एकेक नाव वहीत उतरवले. वहिनींनी दोनदा चहा ठेवला; दोन्ही वेळा तो निवला.

आता रविवारी मी वही घेऊन त्यांच्या पडवीत जातो. दादा एक नाव वाचतात, "ह्यांचा चष्मा," आणि ती काय बोलली असेल ते मी सांगतो. बहुधा चुकीचेच सांगत असेन. तरी ते डोळे मिटून हळूच म्हणतात, "व्हय म्हाराजा." मग "मेथीचे लाडू", मग "पावसाआधीची कामे". सव्विसावे नाव आहे, "दादाला सांगू नये". पहिल्या रविवारी त्यांनी विचारले होते, "काय असात ओ?" मला खरेच माहीत नव्हते. आता ते विचारत नाहीत. तिथे आलो की ते नाव तेवढे वाचतात आणि पान उलटतात.