सुभेदारसाहेबांचं गवत

आमच्या शेजाऱ्याचे सासरे नेदरलँड्समध्ये कायमचे राहिले असते, तर या देशाला समुद्राची भीती बाळगायचं काही कारण उरलं नसतं. त्यांनी समुद्राला आधी सावधानमध्ये उभं केलं असतं, मग लाटांची उंचीप्रमाणे रांग लावली असती, आणि जी लाट रांग मोडून पुढे सरकली असती तिला बांधावरून पळत चकरा मारायला लावल्या असत्या. इथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या भिंती घालून आणि पंप लावून जे साधलं, ते या गृहस्थांनी एका शिट्टीत केलं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण सरकारनं त्यांना दर उन्हाळ्यात तीन महिन्यांचा पाहुण्यांचा व्हिसा दिला आणि समुद्राचं काम स्वतःकडेच ठेवलं.

ते साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. जावई आइंडहोवनला चिपच्या यंत्रांच्या कामात, लेक ॲमस्टरडॅमच्या एका बँकेत. दोघं सकाळी बाहेर पडली की ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या डीमन गावातल्या त्या फ्लॅटमध्ये सुभेदारसाहेब आणि डिशवॉशर एवढेच उरत. मी समोरच्या दारात राहतो आणि बहुतेक दिवस घरूनच काम करतो, त्यामुळे ते माझ्या वाट्याला आले. घरून काम करणं म्हणजे काम न करणं, अशी त्यांची ठाम समजूत होती, आणि माझ्याकडे बघून ती कधी डळमळली नाही. इथला उन्हाळ्यातला सूर्य भलताच लवकर उगवतो, याचं त्यांना कौतुक होतं, पण ते त्याच्याही आधी उठत. दाढी करत, कडक इस्त्रीची पँट घालत, बूट चमकवत, आणि मग जायला कुठलीच जागा नाही हे रोज नव्यानं त्यांच्या लक्षात येई. कडक इस्त्रीची पँट घालून दिवसभर सोफ्यावर बसणं फार अवघड असतं. मी ते करून पाहिलेलं नाही, कारण आमच्या घरात इस्त्री कपाटात वर ठेवलेली आहे आणि ती तिथेच बरी आहे.

रिकामे हात त्यांना सहन होत नसत. पहिल्याच वर्षी त्यांनी इमारतीच्या तळघरातल्या सायकलींवर चाल केली. तिथे सायकली कशाही अडकवलेल्या, एकीचं हँडल दुसरीच्या चाकात, मुलांच्या सायकली मोठ्यांच्या पोटाखाली. एका सकाळी रहिवासी खाली उतरले तर सगळ्या सायकली उंचीप्रमाणे रांगेत उभ्या, सगळ्यांची तोंडं उजवीकडे, घंट्या पुसलेल्या. कुणालाच आपली सायकल सापडेना. लिफ्टमध्ये नोटीस लागली की हे कुणी केलं त्यानं कृपया पुढे यावं. मी त्यांना ती वाचून दाखवली. नाव विचारतायत म्हणजे शाबासकीच द्यायची असणार, असं म्हणून ते कोट चढवून थेट सोसायटीच्या अध्यक्षीणबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. बाई फटकळ म्हणून प्रसिद्ध होत्या. पण समोरचा माणूस इतका ताठ आणि इतका खूश होता की त्यांना रागवायला जागाच मिळाली नाही, आणि पुढे दर शनिवारी तळघराची रांग लावायचं काम रीतसर त्यांच्याकडे आलं. मी त्यांना विचारलं, काका, हा खटाटोप कशासाठी, तर ते माझ्याकडे करुणेनं बघून म्हणाले, "कुलकर्णी, तुम्हाला नाही कळायचं." मला खरंच कळलं नव्हतं.

हेन्कची आणि त्यांची ओळख कालव्याकाठच्या बाकावर झाली. हेन्क हा दाराला डोकं आपटेल इतका उंच डच म्हातारा, गळ टाकून बसलेला. याच्या बुटांची लेस बांधायची पद्धत फौजी आहे हे सुभेदारसाहेबांनी लांबूनच ओळखलं म्हणे. दोघांचं इंग्रजी एकमेकांना जेमतेम पुरणारं. तरी संध्याकाळपर्यंत एवढं निघालं की दोघांनीही, वेगवेगळ्या काळात, लेबनॉनमध्ये शांतिसेनेची निळी टोपी घातली होती. मग काय विचारता. मातीत काठीनं नकाशे निघाले, चौक्या ठरल्या, तिथल्या एका वळणावरच्या अंजिराच्या झाडाबद्दल दोघांचं एकमत झालं. ते झाड खरोखर एकच होतं का, हे विचारायचा मोह मी आवरला.

हेन्क आणि त्याच्या जुन्या सैनिक मित्रांची एक मागणी होती. गावाबाहेर कालव्याच्या वळणावर सरकारी जमिनीचा एक तुकडा होता. पूर्वी तिथे लष्कराचं गोदाम होतं, आता नुसतं कुंपण, एक पडीक शेड आणि रानगवत. ती जागा आम्हाला बसायला द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. घर बांधायचं नाही, दुकान थाटायचं नाही. गळ टाकायचा, कॉफी प्यायची, वाटलं तर बोलायचं. या माणसांपैकी काहींना गर्दीत बसवत नसे, काहींना बंद खोलीत. हेन्क तर हॉटेलात गेला की दाराकडे तोंड करूनच बसे आणि तरीही जेवण अर्धं टाकून उठे. त्याची बायको वारल्यापासून तो घरात झोपण्यापुरताच जात असे. ही मंडळी बरीच वर्षं त्या जागेसाठी खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मागे लागली होती. आधी अफस्प्राक, म्हणजे भेटीची वेळ घ्यायची, त्या भेटीत पुढच्या भेटीची वेळ ठरवायची, असं ते प्रकरण चाललं होतं.

सुभेदारसाहेब या मोहिमेत बिनबोलावता भरती झाले आणि मी दुभाष्या म्हणून त्यांच्या मागे फरफटत गेलो. इथे येऊन परीक्षेसाठी शिकलेलं माझं डच पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी आलं. त्यांच्या सभांमध्ये माणशी एक कप कॉफी आणि एक बिस्किट मिळे. हे पाहून साहेब व्यथित झाले. अर्ध्या पोटी लढाई होत नाही म्हणाले, आणि पुढच्या सभेला त्यांनी फौजेतल्यासारखा बडा खाना लावला. लेकीच्या स्वयंपाकघरात दोन दिवस मटणाचा वास दरवळत होता आणि जावई कामाचं निमित्त सांगून ऑफिसातच थांबत होता. बड्या खान्याचा नियम असा की मोठ्या हुद्द्याच्या माणसानं हाताखालच्यांना वाढायचं. तेव्हा सुभेदारसाहेबांनी चौकशी केली, आणि तिथल्या एका निवृत्त कर्नलच्या हातात रश्शाची वाटी देऊन त्याला पंगतीत फिरवलं. कर्नलला ते इतकं आवडलं की त्यानं आग्रह करकरून वाढलं. तांबड्या रश्शानं घामाघूम झालेले ते म्हातारे डोळे पुसत हसत होते. हेन्कनं त्या दिवशी दाराकडे पाठ करून जेवण पूर्ण केलं, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

अखेर खेमेंटेनं कळवलं की त्यांच्या अधिकारी बाई स्वतः जागा बघायला येतील आणि मग काय तो निर्णय होईल. हेन्कनं कुंपणाची किल्ली सुभेदारसाहेबांकडे दिली आणि सांगितलं की बाई यायच्या आधी जरा साफसफाई करून ठेवा. हेन्कच्या मनात होतं की गवतात पडलेले बिअरचे रिकामे डबे उचलावेत. पण मोठे साहेब बघायला येणार आणि जरा साफसफाई करा, ही दोन वाक्यं एकत्र ऐकल्यावर हिंदुस्थानी फौजेतला माणूस काय करतो, हे हेन्कला कुठून माहीत असणार. मलाही नव्हतं. शनिवार-रविवार साहेब डबा घेऊन ट्रामनं कुठे जातात याची मी चौकशी केली नाही, कारण शनिवार-रविवारी मी कुणाचीच चौकशी करत नाही. बायकोनं दिवाळीच्या रांगोळीखाली सारवायला पुण्याहून आणून ठेवलेला गेरू त्यांनी मागून नेला, तेव्हाही आम्हाला वाटलं की कुंडी रंगवायची असेल.

सोमवारी बाईंना घेऊन आम्ही कुंपणाशी पोचलो आणि हेन्क जागच्या जागी थांबला. रानगवत नावाचा प्रकार तिथे शिल्लक नव्हता. साताऱ्याहून टॉवेलात गुंडाळून सामानातून आणलेल्या विळ्यानं त्यांनी सगळी जमीन भादरून काढली होती. फाटकापासून शेडपर्यंत सरळ वाट, वाटेच्या दोन्ही बाजूंना तिरक्या रोवलेल्या विटा, एक गेरूची, एक चुन्याची. कालव्याकाठच्या झाडांचे बुंधे कमरेपर्यंत पांढरे आणि वर गेरूचा पट्टा. आणि या सगळ्याच्या मधोमध, छातीवर पदकं लावून, सुभेदारसाहेब सावधानमध्ये उभे. त्यांनी बाईंना कडक सलाम ठोकला आणि जागा पाहणीसाठी तयार असल्याचं जाहीर केलं. अजूनही ते दृश्य आठवलं की मला हसू येतं आणि लगेच मावळतंही.

कारण बाई जे बघायला आल्या होत्या ते साहेबांनी कापून ढीग करून ठेवलं होतं. जागा आहे तशी रानटी ठेवू, या एकाच अटीवर खेमेंटे विचार करायला तयार झाली होती. बाईंनी आवाज न चढवता विचारलं की हे कुणी केलं. साहेबांनी अभिमानानं स्वतःकडे बोट दाखवलं. मग बाई मला हळूहळू सांगत गेल्या आणि मी मराठी करत गेलो, की अंगाला लागलं की आग करणारी ती जी खाजरी झुडपं होती, त्यांच्यावर इथल्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, वाळक्या पाल्याखाली साळूसारखा काटेरी अंगाचा एक छोटा प्राणी राहतो, आणि अशा जागा आता फार उरलेल्या नाहीत. मी जमेल तेवढं मऊ करून सांगत होतो, पण त्यांना माझ्या चेहऱ्यावरून सगळं कळत होतं. मागे ते सगळे म्हातारे उभे होते. इतक्या वर्षांची त्यांची खटपट त्या विळ्याखाली गेली होती.

सुभेदारसाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना टोपीशिवाय घराबाहेर कधी पाहिलं नव्हतं. "बाईंना सांगा, कुलकर्णी," ते म्हणाले. "साहेब येणार म्हटलं की आम्ही झाडंसुद्धा रंगवतो. गवतात कुणाचं घर असतं, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. चूक माझी एकट्याची आहे. शिक्षा मला द्या, पण या लोकांची जागा घालवू नका."

मी सांगितलं. बाईंनी त्या गेरूच्या विटांवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या की निर्णय त्या आज देणार नाहीत. झुडपं परत वाढतात, चिवट असतात. उन्हाळा संपताना त्या पुन्हा येतील. तोवर इथे कुणी काडीला हात लावला नसेल आणि गवत आपलं आपण वाढलेलं असेल, तर मागणीच्या बाजूनं बोलतील. आणि सुभेदारांना शिक्षा हवीच असेल तर एवढीच, की त्यांनी काही करायचं नाही.

याहून कठोर शिक्षा त्या माणसाला कुणी दिली नव्हती. पण हुकूम म्हणजे हुकूम. दुसऱ्या दिवसापासून ते तिथे जाऊन एका उपड्या खोक्यावर बसू लागले, हात गुडघ्यांवर, नजर गवतावर. वारा सुटून कागद उडत आला तरी उचलू का म्हणून मला फोन करून विचारत. हेन्क त्यांच्या शेजारी दुसऱ्या खोक्यावर बसे. पहिले काही दिवस साहेबांची बोटं नुसती वळवळत, मग हळूहळू थांबली. मी लॅपटॉप घेऊन तिथेच जाऊ लागलो. बाकीचेही यायला लागले. ज्या कामासाठी ही मंडळी जागा मागत होती ते काम, म्हणजे काही न करता बसणं, कुणी परवानगी न देताच तिथे सुरू झालं होतं. जमिनीतून तांबूस कोंब वर आले त्या दिवशी साहेबांनी लेकीकडून शिरा करून आणला आणि सगळ्यांना वाटला.

अशाच एका दुपारी, मी काही विचारलेलं नसताना, त्यांनी माझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "रांग लावली की कोण कमी आहे ते कळतं, कुलकर्णी. पसाऱ्यात नाही कळत. आमची एक तुकडी वरच्या चौकीवरून उतरली, काळोख, बर्फ, सगळे कसेबसे तंबूत शिरले. मी म्हटलं, दमलेत पोरं, सकाळी फॉलिन करू, तेव्हाच हजेरी घेऊ." मग त्यांची नजर पुन्हा गवताकडे गेली. मी ते डचमध्ये सांगायला गेलो तर हेन्कनं नको म्हणून हात केला. मराठीचा एक शब्द न समजता त्याला सगळं समजलं होतं. त्या माणसाच्या रांगांना मी इतकी वर्षं हसलो होतो, आणि त्या क्षणी मला त्यांच्या पायाशी बसावंसं वाटलं.

व्हिसा संपला आणि बाई पुन्हा यायच्या आधीच त्यांना परत जावं लागलं. निघताना त्यांनी विळा हेन्कच्या हातात ठेवला आणि तो वापरू नये अशी ताकीद दिली. पुढे बाई आल्या, गवत गुडघ्याच्या वर गेलं होतं, आणि जागा मिळाली. पहिल्या दिवशी बडा खाना झाला. माझ्या बायकोनं रस्सा केला आणि कर्नलनं वाढला. साहेब पुढच्या उन्हाळ्यात येणार होते. पण मधे छातीचं दुखणं निघालं, आणि डॉक्टरांनी एवढा लांबचा प्रवास कायमचा बंद करून टाकला. लेक वर्षातून एकदा जाऊन येते. तळघरातल्या सायकली आता पुन्हा हव्या तशा अडकवलेल्या असतात, आणि अध्यक्षीणबाई खाली उतरल्या की पुटपुटतात.

विटांची रांग मात्र तिथे आहे. फाटकाजवळच्या थोड्याच दिसतात, बाकी सगळ्या झुडपांत बुडल्या आहेत. दर वसंतात हेन्क तेवढ्या दिसणाऱ्या विटांना गेरू लावतो. बायकोनं आता त्याच्या नावाची वेगळी पुडी आणायला सुरुवात केली आहे. शनिवारी म्हातारे जमतात तेव्हा कुणी न सांगता खुर्च्या एका रांगेत मांडतात, आणि आम्ही साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावतो. साहेब आता बारीक झालेत, पण कॉलच्या वेळी टोपी डोक्यावर असतेच. ते नेहमी आधी विचारतात, सगळे हजर का, आणि मी नेहमी हो म्हणतो.

मागच्या शनिवारी मी हो म्हणायच्या आत हेन्कनं माझ्या हातातला फोन घेतला आणि रांगेच्या टोकाला नेला. तिथे साहेबांच्या नावाची एक खुर्ची रिकामी असते, दर वेळी, पुसून ठेवलेली. त्यानं फोन तिच्यासमोर धरला. पलीकडे साहेब बघत राहिले. त्यांनी टोपी नीट केली, घसा साफ केला, आणि मग मला विचारलं की गवत कुठवर आलंय.

"कमरेपर्यंत आलंय, काका," मी म्हटलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "कापू नका."