उजवा कौल

फणसवाडीत माझ्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या शेजाऱ्याइतका उफराट्या डोक्याचा आणि तरीही यशस्वी झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याच्याविषयी लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं, कारण लिहिलं तर कौतुक करावं लागलं असतं.

तो मालवणकडचा. तिकडे देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून कौल मागतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हा तेच खोलीतल्या देव्हाऱ्यात करायचा, आणि कशासाठीही. फ्रिज घ्यावा का, मिशी काढावी का, बांगडे तळावेत की त्यांचं झणझणीत तिकलं करावं. देव नाही म्हणाला की पंखा बंद करून पुन्हा पाकळ्या लावायचा. "वाऱ्याने पडली रे, देवाने नाय पाडली!" होकार येईपर्यंत देवाची सुटका नसे. वहिनी म्हणायच्या, "मला बघायला आलात तेव्हा पंखा किती वेळा बंद केलात, ते सांगा एकदा!"

परळच्या एका औषध कंपनीत आम्ही दोघे कारकून होतो. नागपूरला नवी शाखा निघाली, तेव्हा साहेबांनी आधी मला विचारलं. मी महिनाभर फायदे-तोटे मांडत बसलो. इतकी वर्षं या खुर्चीत काढली, ती वाया कशी घालवायची? मग साहेबांनी त्याला विचारलं. त्याने पंखा बंद केला आणि गेला. परतला तो माझा साहेब होऊन.

तेव्हापासून वाडीत मी एकच सांगत सुटलो, "नशीब हो, दुसरं काय!" त्याच्या निवृत्तीच्या सत्कारात माईकवरूनही तेच बोललो. लोक हसले. तोही हसला. खाली उतरल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नागपूरसाठी तुझा पण कौल लावलेला मी. उजवा आलेला. तू विचारलंच नाहीस."

गेल्या वर्षी तो अंथरुणाला खिळला. माफी मागायला जावं का, हे मला ठरवता येईना. शेवटी, हसू नका, मीही गणपतीच्या मूर्तीला दोन पाकळ्या लावल्या. उजवी पडली, अगदी लगेच. पण पंखा चालू होता. वाऱ्याने पडली असेल, उद्या नीट लावू, म्हणून मी थांबलो.

सकाळी समोरच्या दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला.

आता रोज पंखा बंद करून बसतो. समोरच्या बंद दाराकडे बघत वाक्य जुळवतो, "नशीब नव्हतं रे ते, तुझी हिंमत होती. मी जळलो तुझ्यावर."