देवावर घातलेला आळ

एका जवानाची नीट खातरजमा न करता मी तो ठीक असल्याचा रिपोर्ट दिला. तो ठीक नव्हता. ही माझी पहिली चूक. दुसरी चूक मी त्याच्या आईसमोर केली. माझ्या हातून जे झालं, ते मी देवाच्या नावावर टाकलं.

मी सिग्नलचा हवालदार होतो. गाव राहुरीजवळ. आमची कंपनी तेव्हा उत्तरेच्या सीमेवर बर्फातल्या एका पोस्टवर होती. पोस्टच्या वर, तासाभराच्या चढावर, टेहळणीची चौकी होती. तिला आम्ही ओपी म्हणायचो. दोन जवान मावतील एवढी पत्र्याची खोली, दुर्बीण आणि रेडिओ सेट. तिथे लान्स नायक भानुदासची ड्यूटी होती. तो शेवगाव तालुक्यातला. वडील लवकर गेले, आईनं ऊसतोडीवर त्याला वाढवलं. त्या पोस्टवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तो मला दादा म्हणायचा.

दर तासाला ओपीचा रिपोर्ट घ्यायचा असा नियम होता. आधी कॉल साइन, मग त्या दिवसाचा पासवर्ड, मग रिपोर्ट. आम्ही दोघांनी त्याचा शॉर्टकट केला होता. मी बटण दाबून विचारायचो, ''हाय का?'' तो म्हणायचा, ''हाय.'' गावाकडे दारात उभं राहून हाक मारतात, आतून उत्तर येतं, तसंच. झाला रिपोर्ट.

आमचे सुभेदार साहेब पहाडी होते. ते हसायचे. ''तुम दोनों सारा दिन हाय-हाय करते हो. कोई सुनेगा तो समझेगा यहाँ मातम है.''

त्या दिवशी सकाळी भानुदासचा जोडीदार दाढ सुजली म्हणून खाली आला. तो परत चढणार, तेवढ्यात हवा बिघडली. भानुदास वर एकटा राहिला.

''भ्या वाटतंय का रं?'' मी सेटवर विचारलं.

''भ्या कशाचं? उलट बरं हाय, दादा. घोरायला कोनी न्हाई.''

दुपारी वरच्या बाजूला मोठा आवाज झाला. त्या मोसमात बर्फ रोज कुठे ना कुठे घसरायचं. तरी सुभेदार साहेबांनी सहा जणांची पार्टी तयार केली. दोर, फावडी, स्ट्रेचर. वारा थोडा पडला होता. निघायचं तर तेव्हाच निघायला हवं होतं.

''ओपी का हाल लो,'' साहेब म्हणाले.

मी बटण दाबलं. ''हाय का?''

खरखर आली. मग भानुदासचा आवाज. ''हाय.'' थोडं थांबून पुन्हा, ''हाय.''

''ओपी ओके, साहब.''

''पक्का?''

''पक्का, साहब.''

मी पासवर्ड विचारला नाही. दुसरा एक शब्दही विचारला नाही. पार्टीनं बूट सोडले. कुणीतरी स्टोव्ह पेटवला आणि आम्ही चहा प्यायलो.

पुढच्या तासाला वरून उत्तर आलं नाही. पार्टी निघाली, पण तोवर वारा पुन्हा उठला होता. ते पोहोचले तेव्हा अंधारत होतं. कडा कोसळून ओपीची मागची भिंत आत आली होती. भानुदास कमरेपर्यंत तुळईखाली होता. सेट हातात होता.

डॉक्टर म्हणाले, तो लगेच गेला नव्हता. बराच वेळ जिवंत होता.

आमच्या बोलीत 'हाय' म्हणजे 'आहे'. कमरेवर तुळई पडलेल्या माणसाच्या तोंडून 'हाय' येतं, त्याचा अर्थ वेगळा असतो. तो दोनदा म्हणाला. रोज एकदाच म्हणायचा.

चौकशी झाली. कडा नैसर्गिक कारणानं कोसळला, असा निष्कर्ष निघाला. तो खरा होता. मला जे विचारलं त्याची मी खरी उत्तरं दिली. त्या 'हाय'बद्दल कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

शवपेटीसोबत भानुदासच्या गावी जाण्याची ड्यूटी मला मिळाली. सलामी झाली, पुढारी बोलले, गर्दी पांगली. भानुदासच्या आईनं, कौसाबाईंनी, मला घरात बोलावलं.

''लई तरास झाला का रं त्याला?''

''नाही, आई. एका क्षणात गेला.''

''कोनी वाचवाया गेलं न्हाई?''

''वाचवायला वेळच नव्हता. देवाच्या मनात तसं होतं. त्याच्यापुढे कुणाचं चालतं?''

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, ''देवाच्या मनात हुतं व्हय.''

पुढे मी पेन्शनीवर आलो, शेती बघू लागलो. रोज देवळात जाऊन माफी मागायचो. बरं वाटायचं. दर वर्षी भानुदासच्या श्राद्धाला शेवगावला जायचो, ओसरीवर जेवायचो आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायचो. आतल्या खोलीत कधी गेलो नव्हतो. गेल्या वर्षी कौसाबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून पाणी घ्यायला मीच आत गेलो.

देव्हारा रिकामा होता. खाली पितळी पातेल्यात पाणी, आणि पाण्यात देव. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक.

त्यांची चुलत सून कांता भाकरी थापत होती. ती हसली. ''दादा, तुमी तरी सांगा आत्याला. समदे देव गारठले. एखाद्याला न्यूमोनिया व्हायचा.''

''गप गं, भवाने,'' कौसाबाई बाहेरून म्हणाल्या. मग मला सांगू लागल्या. ''टीव्हीवर सांगितलं, तिकडं बर्फ लई पडतुया. तवा देव पान्यात ठिवले. लेक घरला आला की काढीन म्हनले. लेक आला, पर कसा आला ते तू बघितलंस. तू म्हनलास, देवाच्या मनातच हुतं. मग म्हनलं, बसा आता तितंच.''

''इतकी वर्षं?''

''पानी रोज बदलिते. राग हाय म्हनून काय नासक्या पान्यात ठिवू व्हय?''

मी तांब्या भरून बाहेर आलो. एसटीत बसल्यावर कळलं, की मी ज्याच्याकडे रोज माफी मागत होतो, त्याच्यावरच खोटा आळ घालून आलो होतो. एक म्हातारी माझ्यावर काढायचा राग त्याच्यावर काढत होती, आणि रागातही त्याचं पाणी बदलत होती.

देव प्रेमळ असेल तर भानुदासवर कडा का कोसळला, हे मला आजही कळलेलं नाही. कुणी सांगितलं तरी पटेल असं वाटत नाही. पण कडा कोसळल्यानंतरचा वेळ देवाचा नव्हता. तो माझ्या हातात होता.

चार दिवसांनी मी परत गेलो. कौसाबाई लसूण सोलत होत्या. मी समोर बसलो आणि रिपोर्ट देतात तसं सगळं क्रमानं सांगितलं. शॉर्टकट, पार्टी, दोनदा आलेलं 'हाय', चहा.

त्यांचे हात थांबले.

''म्हंजी तवा जित्ता हुता.''

''हो.''

''तुला हाक मारीत हुता.''

''हो, आई.''

त्यांनी लसूण बाजूला ठेवला. मग भिंतीला धरून उठल्या आणि आत गेल्या. मी दारात उभा राहिलो. त्यांनी बाळकृष्ण पाण्यातून काढला, पदरानं पुसला आणि देव्हाऱ्यात ठेवला. मग अन्नपूर्णा काढली. खंडोबाच्या टाकाला हात लावला आणि तसाच पाण्यात राहू दिला.

''ह्यो ऱ्हाऊ दे अजून,'' त्या म्हणाल्या. ''कडा तर कोनीतरी पाडलाच की.''

मग माझ्याकडे वळल्या. डोळे कोरडे होते.

''देव मला या जन्मात...'' मी सुरुवात केली.

''त्याला मधी घिऊ नगंस. लई वापारलास त्याला. माझ्याशी बोल.''

फौजेत मला कितीतरी शब्द शिकवले, त्यातला एकही कामाला आला नाही. मी चप्पल काढली, आत गेलो आणि त्यांच्या पायांशी बसलो.

''आई, भानुदासनं मला हाक मारली आणि मी त्याला तिथंच ठेवलं. तुमच्याशी खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ करा.''