चावीवाल्याचा रांजण

पेन्शनीत बसून बरीच वर्षं झाली, कित्येक गुन्हेगारांचे चेहरे पुसट झाले. पण त्या एका तपासाची खारट चव अजून माझ्या जिभेवर आहे.

तेव्हा मी कल्याणला फौजदार होतो. त्या काळी रूळ लोखंडी बैठकीत बसवून बाजूने सागाची पाचर ठोकत. तिला चावी म्हणत. हातोडा घेऊन रोज आपला टापू चालायचा आणि सैल चावी ठोकून बसवायची, हे चावीवाल्याचं काम.

ऐन चैत्रात आंबिवलीजवळच्या वळणावर ओळीने चार चाव्या जागेवर नव्हत्या. रेल्वेचा गोरा साहेब ट्रॉलीवरून जात होता म्हणून निभावलं, मागून उतारूंची गाडी येत होती! साहेब तणतणत ठाण्यावर आला. त्याच दुपारी रुळांवरच्या टोळीच्या मुकादमाने खबर दिली, "चावीवाल्याच्या घरातला रांजण बघा."

रांजणात पाण्यात बुडवलेल्या वीस चाव्या निघाल्या. पंचनामा झाला आणि चावीवाल्याला आत घेतलं. गुन्हा शाबीत झाला असता तर नोकरी तर गेलीच असती, वर काही वर्षं सक्तमजुरी.

"कोणाला विकतोस रे?"

"विकत नाय, सायेब."

पुढे तोंडाला कुलूप. मी ओरडलो, टेबल आपटलं. माझा स्वभाव तेव्हा भारीच तापट होता. त्याची बायको सकाळपासून ठाण्याच्या पायरीवर बसली होती. ती आत येऊन म्हणाली, "माजा नवरा चोर नाय. नोकरी जायच्या भयानं गप बसलाय."

"चोर सगळे असंच म्हणतात," मी खेकसलो आणि रिपोर्ट लिहायला घेतला.

मुद्देमाल खिडकीपाशी उन्हात ठेवला होता. लिहिता लिहिता पाहतो तो चाव्यांवर पांढरा थर धरलेला. एक उचलली आणि सरळ चाटली. हवालदार बघतच राहिला. मीठ! जळणाला विकायचं लाकूड मिठाच्या पाण्यात कोण ठेवील?

"रेल्वेत येण्याआधी काय करत होतास?"

"मिठागरावर होतो," तो म्हणाला आणि मग एकदाचा बोलला. "उन्हानं चाव्या आकसतात, गाडी गेली की गळून पडतात. आमी मिठागराच्या दाराच्या फळ्या खाऱ्या पाण्यात फुगवतो तशा ह्या फुगवतो, मिठानं ओल टिकते. पडलेली नेतो, भिजलेली ठोकतो. त्या दिवशी ताप होता, वळणापर्यंत गेलोच नाय, तेवढ्यात त्या चार गळल्या. माल घरी नेला म्हनून काढतील, म्हनून बोललो नाय."

दुसऱ्या दिवशी साहेबासमोर वळणावर एक कोरडी चावी आणि एक भिजवलेली ठोकली. दोन गाड्या गेल्या. कोरडी खडीत पडली. भिजलेली साहेबाने बुटाने लाथाडून पाहिली, हलेना. "पण मिठाने लोखंड गंजेल," तो म्हणाला. उन्हाळाभर चाव्या गोड्या पाण्यात भिजवायचा हुकूम निघाला आणि रांजण रेल्वेच्या पैशांनी आले. चावीवाला कामावर परतला, पण गोड्या पाण्यावर त्याचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

त्यानंतर समोर कोणीही आला, की मी आधी विचारी, "बाबा, पूर्वी काय करत होतास?" पुष्कळ तपास त्या एका प्रश्नाने सोपे झाले. त्या दिवशी वळणावरून ठाण्यावर परतलो तेव्हा माझा अर्धा रिपोर्ट टेबलावर तसाच होता: 'चोरीचा माल, पाण्यात दडवलेला.' तो मी फाडला आणि पायरीवर बसलेल्या बाईला स्वतः जाऊन सांगितलं, "बाई, तुम्ही खरं बोलत होतात. मीच ऐकलं नाही."