मगाचा कान

माझं शेवटचं पोस्टिंग बर्फातल्या एका पोस्टवर होतं. शत्रूशी गाठ क्वचितच पडायची. रोजची लढाई पाण्याशी आणि बोटांशी. बर्फ वितळवा, प्या, दाढी करा, पुन्हा वितळवा. या सगळ्याला माणशी एकच भांडं, स्टीलचा मग. लोक विचारतात, फौजेत सगळ्यात कामाचं हत्यार कोणतं? मी म्हणतो, मग. ते हसतात. हसू द्या, समजावायचा आता कंटाळा येतो.

त्या मगाचा कान मात्र बेकार होता. दोन बोटं जेमतेम जायची, जाड हातमोजे घातले की एकही नाही. मोजा काढून धरावं, तर गार स्टील कातडीला चिकटायचं. चहा प्यायचा म्हणजे बोटांची सालटी काढून घ्यायची.

लान्स नायक तुळशीराम माझ्याच सेक्शनमध्ये होता. मी किरनापूरचा, तो लालबर्ऱ्याचा, जिल्हा एकच. भरतीआधी तो राइस मिलमध्ये फिटरच्या हाताखाली काम करायचा. दोघंच असलो की आमची घरची बोली, बाकी वेळ हिंदी. त्यानं तंबूच्या मोडक्या खांबाची पट्टी कापली, वाकवली आणि सगळ्यांच्या मगांना नवे कान ठोकले. मोज्यासकट चार बोटं जातील एवढे रुंद, वरून कापड गुंडाळलेलं. खालून उघडे, म्हणजे मग सरळ बेल्टला अडकायचा.

"एवढा मोठा काहून केला बे?" मी विचारलं.

"बोटं राह्यली तर रायफल धरशीन ना? पी आता."

सुभेदार साहेबांनी मग उलटासुलटा करून पाहिला. "चलेगा," म्हणाले. त्यांच्याकडून ही मोठी शाबासकी होती.

एका सकाळी आम्ही पाच जण दोरीला बांधून पेट्रोलिंगवर निघालो. तुळशीराम पुढे, त्याच्यामागे मी. उतारावर वरचा बर्फ सुटला. मी छातीपर्यंत गाडला गेलो. मागचे तिघे वरच राहिले. तुळशीराम कुठंच दिसेना. त्याची दोरी सरळ बर्फात गेली होती.

मागून रेडिओवरचं बोलणं ऐकू आलं. "बेस, एक जवान दबा है. मदद भेजो. ओव्हर."

"निकल रहे हैं. खोदते रहो. आउट."

फावडं वाहून गेलं होतं. माझ्या उजव्या हाताचा मोजाही. बेल्टला मग होता. आधी स्वतःला मोकळं केलं, नंतर दोरीच्या मागानं खोदत गेलो. बाकीचेही आपापल्या मगानंच खोदत होते. शेवटी तुळशीरामचा हात दिसला. चार बोटं मगाच्या कानात, मग तोंडासमोर धरलेला. श्वासापुरती जागा त्यानं धरून ठेवली होती. तो जिवंत होता.

त्याला तंबूत आणलं. हेलिकॉप्टर मागितलं. "वेदर खराब है, वेट करो," उत्तर आलं. वाट पाहण्याइतकं थकवणारं काम फौजेत दुसरं नाही.

"चहा दे ना मले," तो म्हणाला. त्याच्याच मगात दिला. खालून मी हात लावला. दोन घोट प्याला. "साखर कमी हाय," म्हणाला.

ढग पांगले तेव्हा तुळशीराम गेला होता. माझी उजव्या हाताची दोन बोटं पुढे कापावी लागली. त्याचं मला काही वाटत नाही. तुळशीरामचं वाटतं, अजूनही.

त्याचं सामान घेऊन मी लालबर्ऱ्याला गेलो. धानाची रोवणी करून करून त्याच्या मायची बोटं वाकली होती. कप धरता येत नव्हता, थोरली सून बशीनं चहा पाजायची. मी तुळशीरामचा मग पुढे केला. तिची चारही बोटं कानात अलगद बसली.

अजून जातो तिकडे. सून मला पाहुण्यांचा नाजूक कप देते, तो मी कसाबसा धरतो. माय त्याच मगातून पिते.

"पाह्य ना," ती दर खेपेला म्हणते, "तिकडं बर्फात बसून बी पोरानं माह्या हाताचं माप ध्यानात ठेवलं."

"हौ माय," मी म्हणतो.

माप हातमोज्याचं होतं. तिला ते मी सांगणार नाही.